नाकाडे सर गप्प झाले

"गेला," मयूरी म्हणाली.

"कुठं गेला?"

"'पिठाचे असतात' इथंवर बोलला. मंग घसा बसला त्याचा."

मी तिच्या हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. नुसती खरखर येत होती. पडद्यावर तिची ओळ नीट होती, ओळीच्या टोकाला कर्सर उघडझाप करत होता. म्हणजे कॉम्प्युटर चालू होता, फक्त आवाज गेला होता.

"बाई, नाकाडे सर पुन्हा गप्प झाले का?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं आणि सगळी पोरं हसली.

नाकाडे सर हे नाव मयूरीनं ठेवलेलं. कॉम्प्युटरमधला तो आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा नाकात बोलायचा. "माझ्या. आईचे. हात. पिठाचे. असतात." प्रत्येक शब्द सुटा, जसा काही हातात छडी घेऊन बसलाय. पण बोलायचा मराठीत, आणि मयूरीनं कळपाटीवर, म्हणजे कीबोर्डवर, लिहिलेलं प्रत्येक अक्षर तिला परत वाचून दाखवायचा. जन्मापासून आंधळ्या मुलीला आपण काय लिहिलं ते कुणालाही न विचारता कळत होतं. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी शाळेत अनेक गोष्टी शिकवल्या. एखादी गोष्ट शिकल्याचा असा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नव्हता.

निवृत्तीनंतर दर्यापूरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवत असे. कॉम्प्युटर एका बँकेनं भंगारात काढलेले. ज्यांची हाडं धड होती ते ठेवले, बाकीचे खोलून त्यांचे भाग यांच्यात घातले. आवाज मात्र एकाच डब्यातून निघायचा. तो मयूरीचा.

त्यात घातलेली प्रणालीही साधी नव्हती. ती घालून दिली हर्षल बोबडेनं. माझा जुना विद्यार्थी, हैदराबादला नोकरीला. दिवाळीत आला तेव्हा दोन दिवस त्या खोलीत मांडी घालून बसला. जगभरातली माणसं मिळून बनवतात तशी एक फुकटची प्रणाली त्यानं आणली होती. त्यातली पक्की आवृत्ती आधी घालून पाहिली. तिचा आवाज मराठी अक्षर आलं की इंग्रजीत म्हणायचा, "देवनागरी लेटर क." पुढचं अक्षर आलं की, "देवनागरी लेटर ख."

"हा तं हजेरी घेऊन रायला," मयूरी म्हणाली होती.

मग हर्षलनं दुसरी घातली. अजून घडत असलेली, रोज बदलणारी. तिच्यात मराठी बोलणारा आवाज नुकताच कुणीतरी बसवला होता.

मुलांना मी ते असं सांगितलं होतं: स्लॅब टाकला की खालचं सेंटरिंग, ते फळ्या-टेकू, लगेच काढतात का? नाही. एकवीस दिवस पाणी मारतात. पक्की आवृत्ती म्हणजे पाणी मारून झालेला स्लॅब. ही आपली जी आहे तिचा स्लॅब काल टाकलाय, सेंटरिंग अजून खाली आहे, गवंडी वर फिरतायत, आणि आपण त्याच्यावर वाळवणं घालतोय.

"मंग पडलो तं?" एकीनं विचारलं.

"पडलो तर पडलो," मयूरीच मध्ये बोलली. "पक्क्या स्लॅबवर ऊनच येत नाई माय."

तेव्हा मी हसले होते.

आता दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि ती लिहायला लागली की सर अर्ध्या तासाच्या वर बोलत नव्हते. आवाज परत आणायला कॉम्प्युटर बंद करून चालू करावा लागायचा, आणि तो म्हातारा उठून बसायला पाव तास घ्यायचा. पेपर तीन तासांचा. तिला वाढीव वेळ मिळणार होता, पण सगळा त्या उठण्या-बसण्यात गेला असता.

मी हर्षलला फोन लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"बाई, तिला सांगा, हळू टाइप करायला. मेमरी भरते बहुतेक."

"ती इथंच बसलीये. ऐकतेय," मी म्हणाले.

"हां. पण तिला कमी वेग चालेल ना?"

मयूरीनं फोनच्या दिशेनं जीभ काढून दाखवली. पोरं पुन्हा हसली. हर्षलला काही कळलं नाही. मी चूक लिहून घेतली, कधी जाते, काय लिहिताना जाते, आणि त्यानं ती त्या बनवणाऱ्यांकडे पाठवली.

*

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? आंधळ्या मुलांना लेखनिक मिळतो. खालच्या वर्गातलं एक मूल शेजारी बसतं; हिनं सांगायचं, त्यानं लिहायचं.

मयूरीलाही मिळाली होती. सहामाहीला नववीतली एक मुलगी दिली होती, सोनल नावाची. चांगली मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. मराठीच्या पेपरात 'माझी आई' असा निबंध आला. मयूरीचे आईवडील पिठाची चक्की चालवतात. मयूरीनं सांगितलं, "माझ्या आईचे हात दिवसभर पिठाचे असतात, म्हणून ती मला हातानं जवळ घेत नाही, कोपरानं घेते." सोनलनं लिहिलं, "आई म्हणजे मायेचा सागर, वात्सल्याची मूर्ती."

पेपर तपासून आले तेव्हा वर्गात मराठीच्या बाईंनी चांगला निबंध म्हणून तो वाचून दाखवला. मयूरी उभी राहिली आणि म्हणाली, "हे मी बोललीच नाई."

सोनल रडायला लागली. म्हणाली, "तिचं कसंतरीच वाटत होतं म्हणून मी चांगलं केलं." खोटं नव्हतीच बोलत ती. गुणही त्यामुळंच जास्त पडले होते. सगळ्यांनी मयूरीलाच समजावलं, तुझा फायदाच झाला ना बाई.

ती त्या संध्याकाळी माझ्याकडे आली. बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "बाई, वर्गात साऱ्याईले वाटते माझी माय सागर हाये. माझी माय चक्कीवर बसते."

त्यानंतर आम्ही कॉम्प्युटरची परवानगी मागितली. मुख्याध्यापकांनी पुष्कळ खेपा घातल्या, चांगला माणूस. त्यांनी एकदा तिला समोर बसवून मला विचारलं, "हिला जमेल का?" मी म्हटलं, जमेल. "हिला पाणी-बिणी हवंय का?" मी म्हटलं, हवं असेल तर मागेल. परवानगी आली, पण अट घालून: लेखनिक नाहीतर कॉम्प्युटर, दोन्हींपैकी एक. तिनं लेखनिक सोडला. सहीच्या जागी अंगठा घेऊ लागले तर म्हणाली, सही करते. तिची सही म्हणजे शेजारी शेजारी काढलेल्या तीन रेघा. पण ती स्वतःची.

*

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हर्षलचा दुपारी फोन आला. एवढा उत्साही की मी फोन कानापासून लांब धरला.

"बाई, मयूरीची चूक दुरुस्त झाली! म्हणजे तिनं दाखवलेली. ब्राझीलमधल्या एका माणसानं केली. त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, तरी केली!"

"त्याले सांगा, माह्या लग्नाले ये म्हणावं," मयूरी म्हणाली.

"काय म्हणते ती?"

"आनंद झाला म्हणते," मी म्हणाले. "पुढे बोल."

त्याचा आवाज जरा उतरला. "पण बाई, एकटी ती दुरुस्ती घेता येत नाही. घ्यायचं तर सगळंच नवीन घ्यावं लागतं. आणि गेल्या काही दिवसांत आत मोठी उलथापालथ झालीय. नव्या कॉम्प्युटरांवर काही नाही होणार. तुमचं जुनं आहे म्हणून सांगतो."

"मोडेल?"

"मोडू शकतं. बहुतेक नाही मोडणार. मोडलं तरी जुना गाभा, म्हणजे ज्याच्यावर कॉम्प्युटर उठतो तो भाग, बाजूला ठेवलेला असतो, त्यावरनं परत सुरू करता येतं. त्याची काळजी नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"नाही घेतलं तर पेपरात आवाज जाणार. ते नक्की."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मयूरी कळपाटीवर बोटं ठेवून बसली होती, न दाबता.

"काय करायचं ते तुम्ही ठरवा बाई," हर्षल म्हणाला.

मी ठरवलं. घेऊ या म्हणाले. आजही तोच प्रसंग आला तर मी तेच म्हणेन, कारण दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

"तिला एवढं सांगा," हर्षल म्हणाला, "मध्ये कॉम्प्युटरनं काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. थांबायचं आणि मला फोन करायचा."

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो."

आमचा इंटरनेटचा डोंगल मुंगीच्या गतीनं चालायचा. अपडेट उतरायला सकाळपासून दुपार झाली असती, म्हणून दुसऱ्या दिवशी लवकर लावलं. मुलांना सुट्टी दिली. मयूरी हेडफोन घालून बसली. टायपिंग नव्हतं म्हणून सर टिकून होते, अधूनमधून तिला सांगत होते किती झालं ते. "चाळीस. टक्के." ती मला सांगायची, मी मान हलवायचे, मग आठवायचं की तिला मान दिसत नाही, म्हणून तोंडानं "बरं" म्हणायचे.

जेवायच्या वेळेला तिचे वडील आले. रामदासभाऊ. डोक्यापासून पायापर्यंत पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. डबा घेऊन आले होते, पण पिठाच्या अंगानं मशीनच्या खोलीत नको म्हणून दारातच उभे राहिले. मी बाहेर व्हरांड्यात गेले.

"बाई, खरं सांगा," ते हळूच म्हणाले. "होईल ना तिच्याच्यानं?"

"होईल की."

"तसं नाई. म्हणजे पास झाली तं पुढं अमरावतीले होस्टेल हाये म्हणतात अशा पोरींसाठी. पास नाई झाली तं मंग..." त्यांनी चक्कीच्या दिशेला हात केला. "तिची माय म्हणते, चक्कीच्या पट्ट्यात सापडली एखाद्या दिवशी तं? तिले दिसत नाई, अन् चक्कीवर कोन सारखं पायत बसन? घरात बसवून ठेवा लागन. सतराव्या वर्षी पोरगी घरात बसवून ठेवाची. सांगा."

मी त्यांना कॉम्प्युटर कसा चालतो ते समजावून सांगितलं. त्यांना ऐकायचं होतं म्हणून सविस्तर सांगितलं. चक्कीच्या दगडाला नव्यानं टाकी मारली की पहिलं पीठ खरखरीत येतं, फेकावं लागतं, ते त्यांनीच मला सांगितलं, आणि हे तसंच का, असं विचारलं. मी म्हटलं, अगदी तसंच. बोलण्यात बराच वेळ गेला असेल.

आत आले तेव्हा मयूरी हेडफोन काढून मांडीवर घेऊन बसली होती.

"झालं," ती म्हणाली. "आता बंद करून चालू कराचं म्हणते."

"मध्ये काही विचारलं?"

"नाई."

आम्ही डबा उघडला. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. ज्वारीची भाकरी आणि भरीत खाल्लं. म्हाताऱ्याला उठायला वेळ लागतो हे माहीत होतं, त्यामुळे घाई नव्हती. तिनं हात धुतले, पुसले, हेडफोन चढवले आणि वाट पाहू लागली. सर सुरू झाले की पहिला शब्द "नमस्कार" म्हणायचे. ती दर वेळी त्यांना उलटा नमस्कार करायची.

ती बराच वेळ वाट पाहत होती. मी पडद्याकडे पाहिलं ते तिनं विचारायच्या आधी.

"बाई, आला का तो?"

काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या.

"बाई? काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. या प्रणालीला लागणारी सोय या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये नाही. कृपया आपल्या कॉम्प्युटरला साजेशी प्रणाली वापरा.

"म्हातारा हाये म्हणून?" तिनं विचारलं.

"हो."

"कृपया म्हणते?"

"हो."

"बरा शिकवलेला हाये," ती म्हणाली.

हर्षल ऑफिसातून बाहेर येऊन बोलत होता, मागं गाड्यांचा आवाज होता. "घाबरू नका बाई. चालू होताना एक बटण दाबा, यादी येईल. त्यात जुना गाभा असेल. तो निवडा."

यादी आली. तिच्यात एकच नाव होतं. नवं.

"असं कसं?" तो म्हणाला. "जुना काढला गेला? तुमची डिस्क लहान आहे, जागा पुरली नसेल. पण बाई, तो विचारल्याशिवाय काढत नाही. त्या सूचनेचं मराठी भाषांतर मीच केलंय. तिला विचारा, काही विचारलं होतं का."

मी विचारलं.

"नाई," मयूरी म्हणाली.

*

पुढचे दिवस आम्ही धडपडलो, पण सांगण्यासारखं त्यात फार नाही. रोज बदलणाऱ्या प्रणालीची कालची प्रत कुणी जपून ठेवत नाही. हर्षलनं खूप शोधली. जी मिळायची ती नव्या प्रोसेसरचीच. दुसरा कॉम्प्युटर आणायचा तर परवानगीत लिहिलेला हाच होता. मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या पेपरांना धावपळ करून लेखनिक मिळवू, पण पहिल्या पेपराला आता कुणी ऐकणार नाही.

हाताशी होती ती दिवाळीतली सीडी. पक्की आवृत्ती. ती मी परत घातली. कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला, न अडखळता, आणि म्हणाला, "देवनागरी लेटर न."

मयूरीनं हेडफोन काढून ठेवले.

"मले नको तो. बंद करा त्याचा आवाज. मी तशीच लिहितो."

"तशीच म्हणजे?"

"न ऐकता. बोटाईले माहीत हाये."

मी तिला तसं लिहायला लावून पाहिलं. एक पान लिहिलं तिनं, मुक्यानं. मी वाचलं. तीन-चार चुका, त्याही माझ्या डोळसांच्या वर्गात सर्रास होतात तशा. तिची बोटं खरंच शिकलेली होती. मला वाटलं, होईल. रामदासभाऊंना मी तसंच सांगितलं.

दहावीचा तिनं दिलेला तो एकच पेपर. मराठीचा, पहिला.

रामदासभाऊंनी सकाळी कॉम्प्युटर लोटगाडीवर ठेवला, खाली गोधडी, वर चादर, नवरी नेतात तसा. शाळेत तिला प्रयोगशाळेची रिकामी खोली दिली होती. मी तारा जोडल्या, चालू करून दिला आणि मला बाहेर काढलं, नियमच तो. आत पर्यवेक्षक म्हणून भारसाकळे सर. मी शाळेत असताना ते नवीन लागले होते. प्रश्न वाचून दाखवायचे आणि बाकी तोंड बंद ठेवायचं, एवढं त्यांचं काम.

मी आणि रामदासभाऊ फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसलो. ते चक्की बंद ठेवून आले होते. मधूनच म्हणायचे, "आता निबंध चालू असन नाई?" मी म्हणायचे, "असेल." प्रयोगशाळेची खिडकी तिथून दिसायची, माणसं दिसत नव्हती. कळपाटीचा आवाज मात्र येत होता. एकसारखा, न थांबता. रामदासभाऊ तो ऐकत होते. "जात्यावानी चाललं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

घंटा झाली. इतर मुलं ओरडत बाहेर आली. मयूरीला वाढीव वेळ होता, तो संपला. रामदासभाऊ लोटगाडी आणायला गेले, आणि भारसाकळे सर एकटेच व्हरांड्यात आले. मला हातानं बोलावलं.

"बाई, मी काय करायचं होतं सांगा," ते म्हणाले.

"काय झालं?"

"पहिलं पान छान लिहिलं तिनं. खरंच छान. मग काय दाबलं गेलं कोण जाणे. तिथून पुढं सगळं इंग्रजी अक्षरं. अर्थ नाही, काही नाही. नुसती अक्षरं. ती लिहितेय, लिहितेय, पानंच्या पानं. मला बोलायची परवानगी नाही. मी दोनदा खाकरलो बाई. जोरात खाकरलो. त्याहून जास्त काय करणार होतो मी?"

मला नंतर कळलं ते. त्या पक्क्या आवृत्तीत दोन्ही बाजूंच्या शिफ्टच्या कळा एकदम दाबल्या गेल्या की भाषा बदलायची. नाकाडे सरांच्या आवृत्तीत तसं नव्हतं. मराठी लिहिताना ख, घ, छ, प्रत्येकाला शिफ्ट लागतं. वेगात लिहिणाऱ्याच्या दोन्ही करंगळ्या कधीतरी एकदम खाली जाणारच. नाकाडे सर असते तर तिला पहिल्याच अक्षराला कळलं असतं.

"शाळेच्या प्रिंटरवर छापली का पानं?" मी विचारलं.

"छापली. सही झाली. सीलबंद झाली."

मी आत गेले. मयूरी स्टुलावर बसली होती. हाताची बोटं एकेक करून मोडत होती.

"बाई ना?" पावलांवरून ओळखलं तिनं. "सारं लिहिलं. वेळ उरला. त्या सराईले लय खोकला झालाय, औषध घ्या म्हणावं."

मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मुलांपासून मी आजवर निकाल लपवला नाही. वाईट असला तर लवकर सांगावा, आणि बसून सांगावा, असं माझं आहे. मी सांगितलं. पहिल्या पानाचं, आणि पुढच्या पानांचं.

तिनं मध्येच थांबवलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "निबंध कोन्त्या पानावर होता?"

"शेवटी असणार."

"हो. शेवटीच होता."

बाहेर वर्ग झाडल्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "पुढच्या पेपरांना लेखनिक मिळेल. मुख्याध्यापक म्हणालेत. मराठी ऑक्टोबरला परत देता येतं."

"नको."

"मयूरी, अशा मशीनचा भरवसा नसतोच. तुझा काही दोष नाही यात. त्या अपडेटला—"

"त्यानं विचारलं होतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय.

"नाकाडे सराईनं. तुम्ही बाबांसंगं बाहेर होत्या तेव्हा. पूर्ण वाचून दाखवलं त्यानं. जागा कमी हाये. जुना गाभा काढून टाकला जाईल. नवीन गाभा या कॉम्प्युटरवर चालेलच असं नाही. पुढं जायचं का? हो किंवा नाही." तिनं त्याच्यासारखं नाकातून म्हणून दाखवलं, शब्द सुटे सुटे. "अन् गप्प बसून रायला. वाट पायत."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही आल्या असत्या तं तुम्हीच सांगतलं असतं काय कराचं ते. नाईतं हर्षलदादाले फोन लावला असता."

"लावलाच असता. म्हणूनच तर—"

"बाई, त्यानं मले विचारलं होतं." ती माझ्याकडे तोंड करून बसली होती, नजर माझ्या खांद्याच्या वर कुठंतरी. "मले. हो का नाई. मंग मी जरा विचार केला. सारा विचार केला मी, मोडला तं काय होईल तो बी. अन् हो म्हटलं."

मी पडद्याचं बटण बंद केलं.

"तुम्हाले तवा नाई म्हटलं," ती म्हणाली, "कारन मंग तुम्ही म्हटलं असतं, तुले काय समजते."

"मी असं नसतं म्हटलं."

ती पुन्हा बोटं मोडू लागली.

लोटगाडीचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. रामदासभाऊ दारात आले, आज अंघोळ करून धुवट सदरा घातलेले, ओळखू न येण्यासारखे. त्यांनी खोलीत सगळीकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे, भारसाकळे सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि मग माझ्याकडे.

"कसा गेला हो बाई पेपर तिचा?"

मी मयूरीकडे पाहिलं.

"पहिलं पान चांगलं गेलं, बाबा," ती म्हणाली.

ते हसले. पुढे होऊन त्यांनी कॉम्प्युटरच्या तारा काढायला घेतल्या, एकेक, हळूच, चादर खांद्यावर टाकून.

"म्हंजे होईल ना पास?" त्यांनी मला विचारलं.